सरईबनातला भुसा

१

भुसा पहिल्यांदा दिसला तो गुराख्यांना. त्यांना वाटलं वाळवी असेल, आणि वाळवीचं कौतुक कोणाला? मग दसऱ्याच्या सुमारास बनातल्या सगळ्यात थोराड सरईची पानं अवेळी तांबडी पडून झडायला लागली, तेव्हा कुठे सरईटोल्यातल्या कोणीतरी वनपाल मॅडमना फोन लावला.

वनपाल म्हणजे अल्का मेश्राम. वय पंचेचाळिशीच्या पुढे, उजवा गुडघा कायमचा कुरकुरणारा, मुलगी साक्षी गोंदियाला कॉलेजात, आणि तिकडे बदली मागून मागून बाई थकलेली. तिने स्कूटी रस्त्यालाच लावली, धानाच्या बांध्यांवरून लंगडत बनापर्यंत आली आणि त्या झाडाचा बुंधा पाहून कपाळाला हात लावला.

बुंध्याभोवती भुशाची रास पडली होती, आरागिरणीत पडते तशी. मागच्या झाडाखाली तीच गत, त्याच्या मागच्या झाडाखालीही. तिने कोयत्याने साल सोलली, तर आत बोटभर जाडीचं बीळ आणि बिळात एक पांढरी गुबगुबीत अळी, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी निवांत.

"बोरर," अल्का म्हणाली. "खोड पोखरणारा किडा."

सरई म्हणजे शहरातले लोक ज्याला साल म्हणतात ते झाड. दरेकशाच्या या डोंगराळ पट्ट्यात सागवान, ऐन, बिजा हवे तेवढे. सरईचं बन मात्र एवढंच, सरईटोल्याच्या उशाला. राज्याच्या सीमेपलीकडे सरईचं मोठं जंगल आहे आणि त्याला दोन वर्षांपासून हा किडा लागला आहे. हा भुंगा स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. मधे एवढा डोंगर आणि एवढी शेतं असताना त्याला इथवर पोचायचं तर कोणाच्या तरी लाकडात बसूनच यावं लागतं. म्हणून तर गावाने ठराव करून बाहेरचं जळाऊ लाकूड बंद केलं होतं, गावात येणाऱ्या एकुलत्या रस्त्यावर नाका बसवला होता आणि नाक्यावर रत्नपालला नेमलं होतं.

"मंग विचारा ना रत्नपालले," मागून आवाज आला.

वनसमितीचे अध्यक्ष लीलाधर पटले गावातली माणसं घेऊन येऊन उभे होते. मोठे शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. "गाडीचा रस्ता एकच, नाका एकच, नाक्यावरचा मानूस एकच. अजून कायचा तपास पायजे मॅडम? परवा सभा हाये. सभेत त्याले काढतो. अन् अशा बेइमानाले मंग कोनी बांधीत कामाले बी बोलावनार नाई."

रत्नपाल तिथेच होता. तिशीच्या आतला पोरगा, घरात तान्हं मूल. कालपर्यंत गाव त्याला नाकेदार साहेब म्हणून चिडवायचं, आज त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. तो बौद्ध मोहल्ल्यातला आणि अल्काही बौद्ध. तिने त्याची बाजू घेतली तर 'आपल्या माणसाला वाचवते' हे वाक्य गावात तयार करून ठेवलेलंच होतं. अशी तयार वाक्यं ऐकून तिचे कान किटले होते.

लोक पांगल्यावर रत्नपाल जवळ आला. "मॅडम, मी सरईची एक काडी आत येऊ देलो नाई जी. लेकराची शपथ."

अल्काला माणसं वाचायची सवय होती, आणि हा खोटं बोलत नव्हता. खरी डोकेदुखी तीच. हा खरं बोलत असेल, तर लाकूड गावात शिरलं कसं?

२

दुपारी ती दुर्गाप्रसादच्या हॉटेलात गेली. हॉटेल म्हणजे बनाच्या खालच्या अंगाला, स्टेशनच्या पायवाटेवर टाकलेलं टिनाचं शेड. पोहे, समोसे, आणि भट्टीवर सदा तापलेली कढई. अल्काने कढईकडे न पाहता भट्टीकडे पाहिलं. भट्टीच्या तोंडाशी जी फाटी पडली होती, ती सरईची होती.

तिने एक फाटं उचलून टेबलावर ठेवलं. दुर्गाप्रसादच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे कुठलं?"

"अब झूठ कायको बोलूँ मॅडम," तो हात पुसत म्हणाला. "पलीकडच्या बाया येतात ना सकाळच्या पॅसेंजरने, डोक्यावर मोळ्या घेऊन. स्टेशनवरून पायी पायी, पायवाटेने. नाका लागतच नाही त्यांना. त्यांच्याकडून घेतो मी. रत्नपाल बेचारा क्या जाने?"

चोर सापडला, असं वाटून अल्काला क्षणभर हलकं वाटलं. आता जबाब घ्यायचा, साहेबांना कळवायचं आणि घरी जाऊन गुडघ्याला तेल लावायचं. पण तिला स्वतःचाच राग यायचा तो याच वेळी. सोपं उत्तर हाती आलं की तिचं मन त्याला टोचत बसायचं.

"पावसाळ्यात किती लाकूड साठवलं होतं?"

"साठवलं?" दुर्गाप्रसाद खो खो हसला. "अहो मॅडम, या भट्टीचं पेट बघा. सकाळी आलेली मोळी दुपारी राख होते. साठवायला राहिली तर साठवू ना! पावसाळ्यात तर दोन दोन दिवस खिचखिच असते. बायका आल्या नाही तर मी धानाचा कोंडा जाळतो."

अल्काने शेडभोवती एक फेरी मारली. मागे राखेचा ढीग होता, कोंड्याची पोती होती. लाकूड ठेवायला जागाच नव्हती. सगळ्यात जवळची सरईची झाडं तिने निरखून पाहिली. बनाच्या या खालच्या अंगाची झाडं ठणठणीत होती. भुसा होता तो वरच्या अंगाला, गावाच्या मागच्या बाजूला.

ती परत येऊन बाकावर टेकली. उन्हात पाय लांब करून बसली आणि विचार करू लागली. हा भुंगा उन्हाळाभर लाकडात झोपतो. पावसाळा लागला की बाहेर येतो आणि ओल्या झाडाच्या वासावर जातो. म्हणजे जे लाकूड आलं आणि जळालं, त्याच्यात जे काही होतं तेही जळालं. दुर्गाप्रसादला दम द्यायला हवा, मोळ्या बंद करायला हव्यात, पण हे बन त्याने मारलेलं नाही. बन मारलं ते अशा लाकडाने, जे उन्हाळ्यात गावात आलं आणि पावसाळाभर कुठेतरी जसंच्या तसं पडून राहिलं.

आता सरपण आणून ते न जाळणारा माणूस या गावात कोण असेल?

३

बनाच्या वरच्या अंगाला गावातली शेवटची घरं होती, आणि त्यांत सगळ्यात मोठं घर लीलाधर पटल्यांचं. अध्यक्षांचा जबाब घ्यायचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्का तिथे गेली, तेव्हा पटले शेतावर होते. त्यांची बायको स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत होती. चुलीत पळसाची ओली फाटी होती. जाळ कमी आणि धूरच जास्त. बाईचे डोळे लाल झाले होते, नाकातून पाणी वाहत होतं.

"गॅस नाही का?"

"संपला जी. आता येते म्हनतात, तवा येते." ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "तुमी बसा मॅडम. आई मागं हायेत."

मागच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लागून, ताडपत्री अन् तणसाने झाकलेला एक मोठा उंचवटा होता. त्यावर पटल्यांची आई देवकाबाई पाय सोडून बसली होती आणि अंबाडीची बोंडं सोलत होती. म्हातारी हाडाची काटक होती, पण अंगावर मांस असं नव्हतंच.

"ये माय, ये. तूच का ते झाडाची पोलीस?"

अल्काला हसू आलं. या दोन दिवसांत पहिल्यांदाच. "तब्येत कशी आहे आजी? उन्हाळ्यात फार आजारी होता म्हणे."

"आजारी? अवो मरून रायली होती मी! गोंदियाच्या डॉक्टरनं सांगलन का घरी घेऊन जा. आमच्या लीलानं तं घाबरून नातनीचं, आचलचं लगन घाईघाईनं उरकवलन. म्हने आजीच्या डोयासमोर होऊन जाऊ दे. मी खाटेवरूनच अक्षता फेकली. अन् वरात गेली का मले भूक लागली!" म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून हसली. "तवापासून खाऊन रायली मी. सून म्हनत असन, हे म्हातारी आता कोठी रिकामी करते."

तेवढ्यात पटले शेतावरून आले. अल्काला मागच्या अंगणात पाहून त्यांची चाल बदलली. "मॅडम, इथं कायले? समोर बसू ना, ओसरीत. आई, तू बी आत जा, ऊन लागते." अन् त्यांनी जवळजवळ हाताला धरून अल्काला पुढे आणलं.

ओसरीत पटल्यांनी पुन्हा तीच टेप लावली. नाका, रत्नपाल, बेइमानी. अल्का ऐकत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काहीतरी पाहिलं होतं आणि ते डोक्यात नीट बसत नव्हतं.

ते काय ते सुचायच्या आत दारात ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर टिंकू उडी मारून खाली उतरला. "मॅडम, चला लवकर! नाक्याची झोपडी कोनतरी पाडून टाकली. रत्नपाल आतच होता!"

४

रत्नपालला फारसं लागलं नव्हतं. बांबू खांद्यावर पडून खरचटलं होतं एवढंच. तो पडलेल्या झोपडीच्या गवतावर बसून होता. कोणी पाडली ते त्याने पाहिलं होतं, पण नावं सांगायला तयार नव्हता.

"कायले सांगू जी? उद्या सभेत मले काढतीलच. मंग मले इथंच राहाचं हाये ना त्यायच्यात."

अल्का त्याच्या शेजारी गवतावरच बसली. टिंकूही उभा होता. गावात बाहेरून जे काही येई, खत, सिमेंट, लग्नाचं सामान, ते टिंकूच्याच ट्रॉलीतून. त्यामुळे गावाच्या संशयितांत रत्नपालच्या खालोखाल त्याचा नंबर होता.

"टिंकू, उन्हाळ्यात पलीकडून काय काय आणलं?"

"लाकूड नाई आनलो मॅडम, आईशप्पथ."

"लाकूड नाही. काय आणलं ते सांग."

टिंकूने डोकं खाजवलं. "मुरूम आनलो. छपराचे कवेलू आनलो. पटलेच्या घरचा मांडव आनलो, आचलच्या लगनाचा. बाकी काई नाई."

"मांडव पलीकडून?"

"हो जी. आजीच्या माहेरून. त्यायच्याकडं मांडवाच्या बल्ल्या सरईच्याच लागतेत." टिंकू अगदी सहज म्हणाला. मग त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं आणि त्याने जीभ चावली.

अल्काने रत्नपालकडे वळून पाहिलं. "तू ती ट्रॉली सोडलीस?"

"सोडलो ना जी!" रत्नपालला प्रश्नच कळला नाही. "ते लाकूड थोडी होये? मांडव होता. ठराव झाला त्याच दिवशी समितीनं सांगलं होतं मले, लगनाचा मांडव अडवाचा नाई, अपशकुन होते. वरतून हळद-कुकू वाहेल, समोर डफडं वाजून रायलं. त्याच्यात हात घालून कोन पाहाते?"

त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं? गावाच्या लेखी सरपण वेगळं आणि मांडव वेगळा. सरपण चुलीत जातं, मांडवाची पूजा होते. त्यामुळे नाक्यावर बसलेल्या माणसाने खरोखरच सरईची एक काडी सोडली नव्हती, आणि सरईची ट्रॉली सोडली होती.

"ट्रॉलीत नुसत्या बल्ल्याच होत्या?" तिने टिंकूला विचारलं.

"तेच मले बी वाटलं होतं," टिंकू हळूच म्हणाला. "वर बल्ल्या. पन खाली तणीस होती अन् तणसीखाली जाड जाड ओंडके. चढावावर ट्रॅक्टर उचलत नोयता. मी इचारलो तं पटलेभाऊ म्हनले, चूप राय, लगनाचं हाये."

मघापासून अल्काच्या डोक्यात न बसणारी गोष्ट आता बसली. पटल्यांची बायको ओल्या पळसाच्या धुराने डोळे फोडून घेत होती. आणि तिच्या मागच्याच अंगणात ताडपत्रीखालचा तो उंचवटा म्हणजे तेच ओंडके, कोरडे ठणठणीत. कुठली बाई असं करील? जे लाकूड चुलीत घालायचा धीर होत नाही, ते घरात कशासाठी ठेवलेलं असतं?

घरात कोणी अखेरच्या घटका मोजत असेल तर पावसाळ्याच्या तोंडी लोक काय जमवून ठेवतात, हे तिला माहीत होतं. तिच्या स्वतःच्या वडलांच्या वेळी तिच्या भावानेही ते जमवलं होतं.

देवकाबाई आपल्याच सरणावर बसून अंबाडी सोलत होती.

५

पटले पुन्हा शेतात गेले होते. हलक्या धानाची कापणी चालू होती, मजूर लांबच्या बांधीत होते. अल्काने त्यांना आंब्याखाली बोलावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, माणूस आरडाओरडा करील. पटले बांधावर बसले आणि हातातला विळा नुसताच मातीत खुपसत राहिले.

"आईच्या माहेरची रीत हाये," ते म्हणाले. "त्या घरची बाई गेली का साडी माहेरची, अन् लाकूड बी माहेरचंच लागते. डॉक्टरनं हात टेकलन, मंग मामेभावानं मांडवासंगंच आनून देलन. म्हने, पान्यात कुठं शोधाल? अन् मंग..."

"मग आई उठून बसल्या."

"उठून बसली ना!" पटल्यांच्या आवाजात आनंद होता आणि रडूही होतं. "आता सांगा मॅडम, त्या लाकडाचं काय करू? जाळू? जितं मानूस घरात असतानी त्याचं लाकूड चुलीत कसं घालू? फेकू? बायको तं हातच लावत नाई. आईले सांगलो का गोठा बांधाचा हाये. ती त्याच्यावर जाऊन बसते, तवा माझा जीव कसा होते ते माले ठाऊक."

"भुसा कधी दिसला?"

पटल्यांनी खाली पाहिलं. "आखाडीच्या वक्ताले. ओंडक्यायले छिद्रं पडली होती. झाडून टाकलो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बनात भुसा दिसला तेव्हाही कळलं होतं. आणि तरी रत्नपालवर ढकललंत."

"ढकललो." ते वर न पाहता म्हणाले. "रत्नपालले दुसरं काम भेटन मॅडम. माले दुसरी आई नाई भेटत. सभेत हे निघालं तं तिले समजन का पोरानं तिचं सरन रचून ठेवलं होतं. ते आयकून ती जगन का? तुमी अहवालात लिहा ना, कसं आलं ते समजलं नाई म्हून. ढीग मी गुपचाप जाळतो."

खरं सांगायचं तर अल्कालाही क्षणभर ते पटलं. किती सोपं होतं! बनातली किडलेली झाडं तोडायचीच होती, ढीग जाळायचाच होता. म्हातारी सुखाने जगली असती. राहता राहिला रत्नपाल. त्याच्या नावावर बेइमानीचा शिक्का बसला असता आणि त्याची बायको गावात कामासाठी दारोदार फिरली असती. त्याच्यासाठी भांडायला गेलं की 'आपल्या माणसाला वाचवते' हे ऐकायचं. पटल्यांना सोडलं की कोणी काहीच म्हणणार नव्हतं. अशा जागी ती आयुष्यात किती वेळा उभी राहिली होती, आणि दर वेळी थकवा मागच्याहून जास्त असायचा.

"उद्या सभेआधी मी आईंशी बोलणार," ती म्हणाली. "त्यांना कळणारच असेल तर सभेत नको, घरात कळू दे."

पटले उठले. त्यांचा आवाज आता थंड होता. "बोला. पन तिले काई झालं, तं ते तुमच्या माथी."

६

रात्रभर अल्काला ते वाक्य छळत राहिलं. सकाळी ती पटल्यांच्या मागच्या अंगणात गेली तेव्हा देवकाबाई त्याच जागी, त्याच ढिगावर बसलेली होती.

"बस माय," म्हातारीने शेजारची ताडपत्री थोपटली. "माझ्या बिछान्यावर बस."

अल्का बसता बसता थांबली. "आजी, तुम्हाला ठाऊक आहे हे कसलं लाकूड आहे?"

"सरईचा वास मले समजत नाई? माझ्या बापाच्या आंगनातला वास हाये तो. लीला म्हनते, गोठा बांधाचा हाये. अवो, असे वाकडेतिकडे ओंडके गोठ्याले कोन लावते? मी म्हनली, बांध बाबू, चांगला गोठा बांध." ती अंबाडीचं बोंड उलगडत राहिली. "त्यानं लपवलन तं माझ्या जिवासाठी लपवलन. मंग मी बी लपवली. त्याले कायले लाजवू?"

पावसाळाभर आई आणि मुलगा एका घरात राहून एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते. पण अल्का ज्यासाठी आली होती ते काम अजून पुढेच होतं.

तिने सावकाश सगळं सांगितलं. ओंडक्यांतला किडा, पावसाळ्यात बाहेर पडलेले भुंगे, बनातला भुसा, नाक्यावरचा रत्नपाल. बनाला कीड लागल्याचं देवकाबाईला माहीत होतं. ती आपल्या लाकडातून गेली हे माहीत नव्हतं. तिचे हात थांबले.

"लाकूड आलं तवाच जळलं असतं, तं किडा बी जळला असता?"

"हो."

"म्हंजे मी टायमावर मेली असती, तं बन वाचलं असतं."

नाही म्हणावं तर ते खोटं होतं. अल्काने म्हातारीचा हात हातात घेतला.

"त्या रत्नपालचं पोट्टं केवढं हाये?" देवकाबाईने विचारलं.

"अजून रांगतही नाही."

"मंग उठ. मले हात दे. सभा कुठं हाये?"

७

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. रत्नपाल कोपऱ्यात उभा होता. रेंजर साहेब खुर्चीवर घड्याळ पाहत होते. पटले बोलायला उठले होते, तोंडातला शब्द तोंडातच राहिला, कारण अल्काच्या खांद्याचा आधार घेत त्यांची आई फाटकातून आत येत होती.

अल्काने थोडक्यात सांगितलं. दुर्गाप्रसादच्या मोळ्या जळून गेल्या, म्हणून बनाच्या खालच्या अंगाची झाडं वाचली. वरच्या अंगाला जे लाकूड न जळता राहिलं, त्याने बन किडलं. ते लाकूड मांडवाच्या नावाने नाक्यातून आलं, आणि मांडव अडवायचा नाही हे रत्नपालला समितीनेच सांगितलं होतं. ते कोणाचं, हे सांगायची वेळ आली तेव्हा ती अडखळली.

"माझं हाये," देवकाबाई म्हणाली. "माझ्यासाठी आनलं होतं. मी मेली नाई म्हून पडून रायलं. त्याच्यात रत्नपालचा काय दोष हाये? दोष असन तं माझा हाये, का यमाचा हाये. यमाले समितीतून काढा."

कोणी हसलं नाही. हसावं की नाही हेच कळेना. पटले खाली मान घालून उभे होते. मग त्यांनीच तोंड उघडलं आणि आखाडीला भुसा झाडून टाकल्याचंही सांगून टाकलं. साहेबांनी घसा खाकरला आणि हुकूम दिला: किडलेली झाडं तोडायची, बाकीचं बन राखायचं, मांडवाची सूट आजपासून बंद, आणि ते लाकूड आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर जाळायचं.

लाकूड पटल्यांच्या मागच्या आवारात जाळलं. टिंकूने आणि रत्नपालने ओंडके रचले. जाळ लागला तसं सगळं गाव मागे सरकलं. सरण पेटलेलं आणि ज्याचं ते माणूस बाजूला काठी टेकून उभं, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. बायांनी लेकरांची तोंडं पदरात झाकली.

देवकाबाई मात्र जाळाकडे पाहून वैतागली. "एवढा विस्तव फुकटच चालला? सूनबाई, गंज आन. चहा मांड."

"आई!" सून ओरडलीच.

"आई काय? पावसाळाभर ओल्या लाकडानं डोये फोडून घेतली ना? आज चांगला जाळ हाये. मांड."

चहा झाला. भरपूर झाला. पण कप घ्यायला एक माणूस पुढे येईना. म्हातारीने पहिला कप भरला आणि मुलाच्या हातात दिला.

"दे त्याले."

लीलाधर पटले तो कप घेऊन रत्नपालपर्यंत चालत गेले. सगळं गाव पाहत होतं. रत्नपालने आधी कपाकडे पाहिलं, मग पटल्यांच्या तोंडाकडे, आणि दोन्ही हातांनी कप घेतला. एक घोट घेतला.

"साखर कमी हाये जी," तो म्हणाला.

तेव्हा कुठे माणसं हलली. कोणी कप घेतला, कोणी बशी. दुर्गाप्रसादने तर दुसऱ्यांदा मागितला. जाळ उतरत चालला होता आणि ओंडके एकेक करून ढासळत होते.

देवकाबाई निखाऱ्यांकडे पाहत म्हणाली, "घ्या. आता मरू तरी कशी? लाकूडच संपलं."

त्यावर मात्र पटल्यांचा बांध फुटला. उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हाही न रडलेला तो माणूस आईच्या पायाशी जमिनीवर बसला आणि सगळ्या गावासमोर लहान मुलासारखा रडला. म्हातारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून चहा पीत राहिली.

अल्काला निघता येत नव्हतं. एकही ओंडका अर्धवट राहता कामा नये, असा नियम होता. गुडघा दुखत होता. ती आवाराच्या कडेला बसली, कोणीतरी तिच्याही हातात कप दिला, आणि सगळ्याची राख होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.